रिकाम्या वसतिगृहाचं सांडपाणी

वसतिगृहात एकही मुलगी नव्हती आणि सांडपाण्याचा पंप चालूच होता.

जोगळेकरसाहेब पंपघराच्या दारात उभे होते. संस्थेचे इस्टेट ऑफिसर. म्हणजे इमारती, रस्ते, पाणी, दिवे, झाडं सगळं त्यांच्याकडे. त्यांनी हातातलं रजिस्टर माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, “मॅडम, सुट्टी लागून बारा दिवस झाले. मेस बंद आहे. कॅम्पसवर आम्ही सहा कुटुंबं. आणि पंप काल पंधरा तास चाललाय. हे पाणी कुणाचं?”

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, “बघते.”

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बारामतीत एका कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरीला होते. सिव्हिलचा डिप्लोमा, चार वर्षांचा अनुभव, राहायला जळोचीला. आमचं काम पाणीपुरवठा आणि ड्रेनेजचं. संस्था इंदापूर तालुक्यात, कळंबच्या पुढे. नाव सांगत नाही, कारण त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मुलींची निवासी शाळा, तेव्हा तीसेक वर्षं जुनी. त्यांना सांडपाण्यासाठी दुसरा, मोठा पंप बसवायचा होता. आमचे साहेब, इनामदारसर, मला म्हणाले होते, “काळेबाई, जास्त खोलात जाऊ नका. पाणी मोजा, पंपाची साइज काढा, परत या.”

आधी व्यवस्था कशी होती ते सांगते. न्हाणीघरं, संडास, मेस यांचं पाणी जमिनीखालच्या नऊ इंची पाइपातून उताराने वाहत येतं. दर शंभरेक फुटांवर एक चेंबर, म्हणजे झाकण असलेली विटांची विहीर. त्यातून पाइप तपासता येतो, साफ करता येतो. शेवटी सगळं एका मोठ्या टाकीत पडतं. तिला आम्ही संप म्हणतो. संप भरला की पंप चालू होतो आणि पाणी मागच्या तळ्यात टाकतो. तिथे ते उन्हात आणि हवेत मुरतं, निवळतं. तळं ठरावीक पाण्यासाठी खोदलेलं असतं. त्याच्यापेक्षा जास्त आलं की ते काठावरून वाहतं. इथे ते दोन वर्षं वाहत होतं आणि खालच्या ओढ्यात जात होतं. खालच्या वस्तीवर जनावरं पीत नव्हती. तक्रारी झाल्या होत्या. जूनमध्ये मुली परत आल्या की पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी मी संपाच्या तोंडाशी फळी बसवली. फळीला मध्ये व्हीसारखी खाच. खाचेतून पाणी किती उंचीने पडतं ते पट्टीने मोजायचं, मग तक्त्यात बघायचं. सोपं काम. पाणी जवळजवळ भर सत्रात असावं तेवढं येत होतं. मी तीनदा मोजलं. पट्टी उलटी धरली नाही ना, तेही पाहिलं.

मग माझ्या डोक्यात आलं की पिण्याच्या पाण्याची लाइन कुठेतरी फुटून ड्रेनेजमध्ये जात असेल. असं होतं. मी जोगळेकरसाहेबांना म्हणाले, “उद्या सकाळी आठ ते दुपारी बारा पाणी बंद ठेवा. टाकीचा मुख्य व्हॉल्व्हच बंद करा.”

“सहा घरांत बोंब होईल.”

“आदल्या दिवशी भरून ठेवायला सांगा.”

व्हॉल्व्ह बंद झाला. मी संपाशी स्टूल टाकून बसले. आठ, नऊ, दहा. पाणी येतच होतं. धार तशीच. दुपारी बाराला आम्ही वरच्या टाकीची पातळी पाहिली. सकाळी होती तिथेच. म्हणजे टाकीतून थेंबही सुटला नव्हता, हे पिण्याच्या लाइनचं पाणी नव्हतं. संपात येणारं पाणी संस्थेच्या कुठल्याच नळातून येत नव्हतं.

मी वाकून पाहिलं. पाणी बरंच स्वच्छ होतं. सांडपाण्याचा वास होता, पण पातळ. आणि गार होतं. मे महिन्यात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. हे विहिरीच्या पाण्यासारखं गार.

बाटली भरून मी बारामतीला आणली आणि माती-पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये दिली. दोन दिवसांनी कागद आला. क्षार भरपूर. आमच्या भागात विहिरीचं पाणी मचूळ लागतं ना, तसे. हे जमिनीतलं पाणी होतं. पाइपाच्या सांध्यांतून आत झिरपत होतं. आमच्या धंद्यात याला इन्फिल्ट्रेशन म्हणतात. पाइप जुना झाला की सांधे उघडतात, आणि बाहेर पाण्याची पातळी वर असेल तर ते पाणी आत शिरतं. पुस्तकात हे पावसाळ्यात होतं. पाऊस पडतो, पातळी वर येते, ड्रेनेजचं पाणी वाढतं.

हा मे महिना होता. नदी कोरडी होती. वाटेतल्या अर्ध्या विहिरींनी तळ दाखवला होता.

इनामदारसरांनी कागद दोनदा वाचला. “काळेबाई, मे महिन्यात भूजल? बाटल्यांची अदलाबदल झाली का?”

“एकच बाटली होती, सर.”

“मग लॅबवाल्यांनी चुकवलं असेल.”

“असेल,” मी म्हणाले. पण मला तसं वाटत नव्हतं. मला काय वाटतंय तेही मला नीट कळत नव्हतं. एसटीत बसून मी खिडकीबाहेर जमीन बघत जायचे. भेगाळलेली, भाजलेली. यातून पाणी कुठून निघेल?

सरांनी आणखी आठवडा दिला आणि महादू मिस्त्रीला बरोबर दिलं. महादू मिस्त्री पन्नाशीचे, ड्रेनेजच्या कामात केस पांढरे झालेले. चेंबरचं झाकण उघडून तासभर हवा खेळू दिल्याशिवाय ते कुणाला उतरू देत नसत. मग खाणीत वापरतात तसा जाळीचा दिवा दोरीने खाली सोडायचे. दिवा विझला किंवा ज्योत वेडीवाकडी झाली तर त्या दिवशी तिथलं काम बंद. “म्याडम, त्यो ग्यासचा वास येतो तवर बरं,” ते मला म्हणाले होते. “वास यायचा थांबला की समजायचं, आपलं नाक गेलं. मग आपन जातो.”

पाइपात आता कॅमेरा सोडतात. आमच्याकडे आरसा होता. एका चेंबरवर महादू मिस्त्री आरसा धरून ऊन खाली फेकत. खाली बसवलेला दुसरा तिरपा आरसा ते ऊन पाइपात सोडायचा. पुढच्या चेंबरमध्ये तिसरा आरसा, त्यात मी वरून बघायचे. पाइप सरळ आणि धड असेल तर उजेडाची पूर्ण गोल चकती दिसते. खचला असेल तर चकती कापली जाते. दुपारी अकरा ते दोन ऊन चांगलं मिळतं, म्हणून आम्ही दोघं भर उन्हात रस्त्यावर आरसे घेऊन बसायचो. जोगळेकरसाहेबांच्या मंडळींनी एकदा विचारलं, हे नक्की इंजिनीअरच ना.

पहिल्या दोन चेंबरमध्ये काही नव्हतं. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये चकती खालून चपटी होती. सांध्यांवर पांढरा खार साचला होता. आणि एका सांध्यातून, बाजूने, पेन्सिलीएवढी पाण्याची धार पाइपात उडत होती. ऊन तिच्यावर पडून ती चमकत होती. मी आरशात कितीतरी वेळ तेच बघत राहिले. गळती सापडली म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण ती धार एवढ्या जोराने कुठून येतेय, हेच कळेना.

चौथ्या चेंबरच्या तळाशी वाळू होती. बारीक, पिवळसर. महादू मिस्त्रींनी घमेल्याने काढली. दुसऱ्या दिवशी परत तेवढीच.

“ही वाळू कुठून येते?” मी विचारलं.

ते वर रस्त्याकडे बघत होते. डांबरी रस्ता, मेससमोरून जाणारा, त्याच्याखालून पाइप. शाळेची बस तिथेच उभी राहायची. ते उठले आणि पहारीने रस्ता ठोकत चालले. ठक, ठक, ठक. मग एका जागी आवाज बदलला. त्यांनी पुन्हा ठोकलं. पहार डांबरातून आत गेली आणि हातभर गेली तरी कशाला टेकली नाही.

“म्याडम, मागं सरा,” ते म्हणाले. “खाली काय न्हाय.”

पाणी पाइपात शिरताना एकटं शिरत नाही. भोवतीची वाळू, माती घेऊन शिरतं. वर्षानुवर्षं थोडी थोडी. वर डांबर तसंच राहतं आणि खाली पोकळी होते. हे मी शिकले होते. पाहिलं नव्हतं.

मी जोगळेकरसाहेबांना रस्ता बंद करायला सांगितलं. ते म्हणाले, “परवा मेसचं धान्य येणार आहे. ट्रक दुसरीकडून येऊच शकत नाही.”

“ट्रक आत जाईल, साहेब.”

“आत म्हणजे?”

“रस्त्यात.”

त्यांना पटलं नाही. तीस वर्षांचा रस्ता, सुट्टीपर्यंत बस गेली, आता ट्रक जाईल, असं त्यांचं म्हणणं. मग महादू मिस्त्रींनी त्यांना हाताला धरून नेलं आणि पहारीच्या भोकातून एक दगड खाली टाकायला लावला. दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला.  जोगळेकरसाहेबांनी स्वतः जाऊन दोन्ही टोकांना बाकं आडवी टाकली.

उकरलं तेव्हा तीन माणसं उकिडवी बसतील एवढी पोकळी निघाली, आणि वर डांबर-खडीचा चार बोटांचा थर. मुली बसमध्ये चढायला तिथेच रांगेत उभ्या राहत. 

पाणी कुठून येतं ते मला कुंपणाच्या भिंतीपलीकडून कळलं. रस्त्याच्या त्या बाजूला भिंत, आणि भिंतीपलीकडे पांढरे आडनावाच्या आबांचं दोन एकर रान. ऊस होता, चांगला काळाभोर. आबा सत्तरीचे, डोक्याला पागोटं, भिंतीवर कोपर टेकून आमचं काम बघत. पहिले दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “इंजिनेरबाई, पानी घावलं का?”

“घावलं आबा, पण येतंय कुठून ते कळत नाही.”

“पाटाला पाळी हाय न्हवं आता. फाटा वाहतोय वर.”

त्यांच्या रानाच्या वरच्या अंगाला कॅनॉलचा फाटा होता. मी तो पाहिला होता, पण मनात नोंद केली नव्हती. माझ्या नकाशात तो नव्हताच, कारण माझा नकाशा भिंतीपाशी संपत होता. फाटा मातीचा. त्यात पाणी सुटलं की ते खाली मुरतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम. पाणी मुरमातून चालत आबांच्या रानाखालून येतं आणि नऊ फुटांवर पडलेल्या आमच्या फुटक्या पाइपात शिरतं. पाऊस नको, काही नको. उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाटाला पाळीने सोडलेलं पाणी, पुरे.

“पाट कधी सुटला, आबा?”

त्यांनी तिथी सांगितली. त्याच्या आधीच्या पाळीचीही सांगितली. मी पंपाचं रजिस्टर काढलं. दोन्ही वेळा, पाट सुटल्यावर आठ-दहा दिवसांनी पंपाचे तास चढले होते. दोन वर्षांचं रजिस्टर तेच सांगत होतं. ते रोज भरलं जात होतं आणि कोणी वाचत नव्हतं.

त्या दिवशी आबांनी त्यांच्या रानाचं सांगितलं. “माज्या बापानं हे रान घेतलं तवा चोपन व्हतं. पांढरं फटक. कुसळ उगवायचं न्हाय. आमची मेंढरं व्हती. बापानं सात वर्सं हितं मेंढरं बसवली, लेंडी पडली, मूत पडलं, आन् रान सुदारलं. पुढं आमी मेंढरं सोडली, शेतीला लागलो. पन हे रान मेंढरांचं हाय.” चोपण म्हणजे पाणी आणि खार धरून बसलेली, कामातून गेलेली जमीन. अशी जमीन सुधारणं सोपं नाही. मी त्यांना तसं म्हणाले. त्यांना बरं वाटलं.

दुरुस्ती सुरू झाली. पाइप जुने, चिनी मातीचे. सांधे सुतळी आणि सिमेंटने भरलेले. सुतळी कुजली होती, सिमेंट खारानं खाल्लं होतं. आम्ही तिसऱ्या-चौथ्या चेंबरमधला तुकडा उघडला, फुटके पाइप बदलले, सांधे नवे केले, वर काँक्रीटचं वेष्टन दिलं. फळीवर मोजलं. पाणी निम्म्यावर आलं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “शाबास.”

तिसऱ्या दिवशी पाणी परत होतं तेवढं झालं.

मी महादू मिस्त्रींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आमचे नवे सांधे कोरडे होते. मग आरसे घेऊन पुढे गेलो. पाचव्या आणि सहाव्या चेंबरमध्ये, जिथे आठवड्यापूर्वी नुसता ओलावा होता, तिथे आता धारा लागल्या होत्या. पाण्याला एक दार बंद मिळालं, ते पुढच्या दारातून आलं. सहावं-सातवं केलं की आठव्यातून. मला रोज वाटायचं की मी काहीतरी मूलभूत चुकतेय. सरांना फोन करायचं मी टाळू लागले.

शेवटी नवव्या चेंबरपर्यंत सगळी लाइन उकरली. शाळा आठवडाभर उशिरा उघडली. आणि काम संपलं त्याच सुमाराला पाण्याची धार खाली आली. पंप दिवसाला दोन-तीन तासांवर आला. सगळे खूश झाले. मी नाही. कारण त्याच आठवड्यात पाटही बंद झाला होता.

पाणी माझ्या दुरुस्तीने थांबलं की पाट बंद झाला म्हणून? मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “थांबलं ना? मग रिपोर्ट लिहा.” मी लिहिला. मोठ्या पंपाची गरज नाही, असं त्यात लिहिलं आणि पाट सुटल्यावर पुन्हा विचारायचं असं मनाशी ठरवून सही केली.

पावसाळा गेला. पाऊस बेताचा झाला. दिवाळीनंतर पाटाला पाणी सुटलं. मी दहा दिवस मोजले आणि अकराव्या दिवशी जोगळेकरसाहेबांना ट्रंक कॉल लावला. पंप किती चालतो? ते म्हणाले, “वसतिगृह भरलेलं आहे आणि चार तास. मॅडम, आता विचारूच नका.” फोन ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मला माझं काम येतं.

त्याच आठवड्यात पांढरे आबा आमच्या ऑफिसात आले. एसटीने, एकटे. पिशवीतून फडक्यात बांधलेलं मातीचं ढेकूळ काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. ढेकूळ ओलं होतं आणि त्याच्यावर पांढरी भुकटी आली होती.

“बाई, तुमी पाइप निट केली आन् माजं रान बुडालं.”

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. “ऊस पिवळा पडला. पाय टाकला की पचक व्हतंय. वीस-पंचवीस वर्सांत असं झालं न्हाय. पाट तोच, पानी तेच. मदे फकस्त तुमी आलात.”

रागाने बोलत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही, निदान तेव्हा, कळलं नाही. मी म्हणाले, “आबा, पाइप आमच्या हद्दीत आहे. त्याचा तुमच्या रानाशी काय संबंध?” हे वाक्य मी बोलले आणि बोलता बोलताच थांबले.

दुसऱ्या दिवशी मी आणि महादू मिस्त्री त्यांच्या रानात गेलो. चार ठिकाणी खड्डे घेतले. मे महिन्यात रस्ता उकरताना पाणी सात-आठ फुटांवर होतं. इथे दीड फुटावर लागलं. भिंतीच्या कडेला तर हातभरसुद्धा नाही.

हा पाइप तीस वर्षं, आधी थोडं आणि सांधे उघडत गेले तसं जास्त, आबांच्या रानाखालचं पाणी ओढून संपात टाकत होता. संस्थेचा पंप आबांचं रान कोरडं ठेवत होता, आणि हे ना संस्थेला माहीत होतं, ना आबांना. मी तो पाइप बंद केला. पाण्याला जायला वाट राहिली नाही, ते वर आलं. आणि वर येताना जमिनीतला खार घेऊन आलं.

हे आबांना सांगणं भाग होतं. मी बांधावर बसून सांगितलं. ते ऐकत होते. शाळा कधी बांधली, पाइप कधी पडला, ते त्यांनी विचारलं. मग बोटांवर वर्षं मोजली. 

“म्हंजे बापाची मेंढरं न्हाय,” ते म्हणाले. “रान तुमच्या गटारीनं सुदारलं.”

मी म्हणाले, “मेंढरांनीही सुधारलं, आबा. पाणी नुसतं निघून गेलं म्हणून जमिनीत कस येत नाही. खतही लागतं.”

“हे खरं बोलता का मला बरं वाटाया?”

“मला माहीत नाही किती कशाने. पण मेंढरांशिवाय एवढा ऊस आला नसता, हे खरं.”

त्यांनी मान हलवली. पटलं असं नाही. भिंतीपलीकडच्या नव्या डांबरी रस्त्याकडे ते बघत बसले. “मग आता काय?” म्हणाले.

मी ऑफिसात येऊन सरांना सांगितलं की भिंतीच्या कडेने एक चर खोदून त्यात भोकाचा पाइप टाकायला हवा. भोवती खडी. जमिनीतलं पाणी त्यात गोळा होईल आणि उताराने ओढ्यात जाईल. ते सांडपाणी नाही, तळ्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे फुटका पाइप जे काम चोरून करत होता, ते एका पाइपाला उघडपणे द्यायचं.

इनामदारसर म्हणाले, “आपलं काम पाइप कोरडा करायचं होतं. झालं. शेजाऱ्याच्या शेताचं काम संस्थेने का करावं?”

“आपण बुडवलं म्हणून, सर.”

“पाटाने बुडवलं.”

“पाट आधीही होता.”

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “जोगळेकरांना पटवा. पटलं तर डिझाइन मी करतो.”

जोगळेकरसाहेबांना पटलं नाही. चांगला माणूस, पण ते म्हणाले, “मॅडम, ट्रस्टींना काय सांगू? आपला पाइप फुटका होता तेच बरं होतं?”  एका अर्थाने तसंच होतं. मी तीन वेळा गेले. तिन्ही वेळा चहा मिळाला.

चौथ्यांदा त्यांनीच बोलावलं. मेसचं धान्याचं कोठार चार पायऱ्या खाली उतरून होतं. त्याच्या फरशीला पाणी सुटलं होतं. खालच्या थरातली गव्हाची पोती भिजून त्यांना मोड आले होते. जोगळेकरसाहेब कोठाराच्या दारात पायजमा वर धरून उभे होते. “मॅडम,” ते म्हणाले, “तो तुमचा चर. कधी सुरू करता येईल?”

काम महिनाभरात झालं. चराचा वरचा अर्धा भाग आबांच्या हद्दीतून न्यावा लागला. त्यांनी ना कागद मागितला ना काही. फक्त महादू मिस्त्रींना म्हणाले, “माती माज्या बाजूला टाका. कसदार हाय.” पाइपाच्या तोंडातून ओढ्यात पहिली धार पडली तेव्हा आबा तिथे होते. त्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली. “खारट,” म्हणाले. “जाऊ दे भाइर.”

कोठार पंधरा दिवसांत सुकलं. त्या वर्षीचा ऊस गेला. पुढच्या वर्षी आबांनी नुसता ताग पेरून खतासाठी जमिनीत गाडला, त्याच्या पुढच्या वर्षी जनावरांच्या चाऱ्याचं कडवळ केलं, आणि मग ऊस लावला. शेजारच्या गावातल्या एका कळपवाल्याला सांगून त्यांनी रानात पुन्हा मेंढरं बसवली. का, ते मी विचारलं नाही. रानाचा एक कोपरा मात्र आजही पांढराच आहे. चर तिथूनच जातो, पाणी तिथे खाली आहे, मी स्वतः दोनदा खड्डा घेऊन बघितलंय. तरी तो कोपरा का सुधारला नाही, हे मला सांगता येत नाही.

पुढे मी स्वतःचं ऑफिस काढलं. गळती बंद करायच्या कामांसाठी आमचा एक छापील तपासणी फॉर्म आहे. त्यात मी एक रकाना घातला: “हे पाणी बंद केल्यावर कुठे जाईल?” आमच्याकडे आलेली बहुतेक मुलं-मुली तो रकाना रिकामा ठेवून फॉर्म पाठवतात. मी परत पाठवते. मग ते येऊन सांगतात, “मॅडम, माहीत नाही.” मी म्हणते, तेच लिहा, आणि काम सुरू करायच्या आधी भिंतीपलीकडे कोण राहतं त्याला भेटून या.